पासंग : पडद्यामागच्या काही मिलिव्होल्टचे किस्से

टीव्हीच्या पॅनलची खरी परीक्षा सिनेमा लावून होत नसते. खोली अंधारी करायची, पडदा पूर्ण राखाडी करायचा, काळाही नाही आणि पांढराही नाही, बरोबर मधला. आणि दोन पावलं मागं सरून नुसतं बघत राहायचं. नांदेडला वजिराबाद भागात पॅनल दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत. शिक्षण आयटीआयपर्यंतचं, पण नजर फार तयार. इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना मी मुलांना आवर्जून त्यांच्याकडे पाठवत आलोय. त्यांच्याकडे येणाऱ्या पॅनलांची नेहमीची तक्रार म्हणजे उभी रेघ. रेघ ठळक, हिरवी नाहीतर गुलाबी, वरपासून खालपर्यंत सुतात असली, की ते लगेच सांगतात : टॅब सुटलाय. टॅब म्हणजे काचेच्या कडेला चिकटवलेली पातळ फिल्म, जिच्यावर ड्रायव्हर चिप बसलेली असते. बाँडिंग मशीनवर नवी फिल्म दाबून बसवली की पडदा साफ.

पण कधीकधी राखाडी पडद्यावर केसाएवढी फिकी रेघ दिसते. काळा पडदा केला की नाही, पांढरा केला की नाही, गाणी-सिनेमा लावला तर पत्ताच नाही. त्या रेघेसाठी ते बाँडिंग मशीन चालूच करत नाहीत. "ही चिपच्या आतली आहे, सर. हिला बाहेरून औषध नाही," म्हणतात आणि गिऱ्हाइकालाही तेच खरं सांगून टीव्ही परत देतात.

मला त्या फिक्या रेघेबद्दल लिहायचंय, आणि ती उमटू नये म्हणून आतली माणसं काय काय करतात त्याबद्दल.

फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे ५७६० उभ्या तारा. सर्वसाधारण रचनेत प्रत्येक तारेच्या तोंडाशी एक स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. काचेच्या कडेच्या चिपा म्हणजे या ॲम्प्लिफायरांचीच दाटी; एका चिपेत ७२०, कधी ९६०. आकडा डिजिटल येतो, चिप त्याचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करते आणि हा शेवटचा ॲम्प्लिफायर ते व्होल्टेज तारेत ढकलतो. सगळ्यांना हुकूम एकच : चार व्होल्ट द्या. एक देतो बरोबर चार, शेजारचा देतो चार आणि वर बारा मिलिव्होल्ट. हा जो वरचा फरक, तोच ऑफसेट.

जुन्या पिक्चर ट्यूबला हे दुखणं नव्हतं. तिथं तीन रंगांना तीन ॲम्प्लिफायर आणि सगळा पडदा त्या तिघांनीच रंगवायचा. त्यातला एखादा थोडा वाकडा असला, तर अख्खं चित्र सारखंच वाकडं आणि डोळ्याला काही कळतच नाही. मराठवाड्याला ही ट्यूब जवळची आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा मोठा पसारा होता, आणि २००५ साली या कंपनीनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदाच विकत घेतला. नेमकं त्याच सुमारास जग ट्यूब सोडून सपाट पडद्याकडे वळत होतं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या अडचणी पुष्कळ होत्या, सगळं खापर काही ट्यूबवर फोडता येणार नाही. पण त्या काळात टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांचं अर्धं ज्ञान एकदम निकामी झालं, हे मी नांदेडमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. तीन ॲम्प्लिफायरांच्या जागी हजारो आले, आणि ते एकसारखे नसणं हाच आजार झाला.

एकसारखे का नसतात? ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी दोन ट्रान्झिस्टरांची जोडी असते. नकाशात दोघं जुळे. पण सिलिकॉनमध्ये अशुद्धीचे अणू मोजून पेरता येत नाहीत. एकात चार जास्त पडतात, एकात चार कमी. नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीतल्या मार्सेल पेलग्रोम यांनी १९८९ साली याचा हिशेब मांडला. ट्रान्झिस्टरचं क्षेत्रफळ चौपट केलं, तर हा फरक फक्त निम्मा होतो. हा नियम ॲनालॉग चिप करणाऱ्यांच्या छातीवर दगडासारखा बसलेला असतो, कारण क्षेत्रफळ म्हणजे पैसा.

आणि हा फरक राखाडीतच का दिसतो? पडद्याच्या काचांमध्ये द्रव स्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल, भरलेला असतो. त्याला व्होल्टेज वाढवत नेलं, की सुरुवातीला तो फारसा हलत नाही, शेवटी हलून संपलेला असतो. मधल्या टप्प्यात मात्र थोड्या व्होल्टेजला प्रकाश भराभर बदलतो. तिथं दोन छटांमधलं अंतर काही मिलिव्होल्टचंच. शिवाय माणसाचा डोळा एकूण उजेड मोजण्यात कच्चा असला, तरी सरळ रेघ हुडकण्यात पटाईत असतो.

आमच्याकडे नांदेडला आणि लातूरला अभियांत्रिकीची पोरं या ऑफसेटला पहिल्यांदा भेटतात ती ७४१ नावाच्या आठ पायांच्या चिपेवर. विष्णुपुरीचं श्री गुरु गोबिंद सिंगजी महाविद्यालय १९८१ चं, लातूरचं बिडवे महाविद्यालय १९८३ चं. तेव्हापासून या दोन जिल्ह्यांतल्या किती पिढ्यांनी ती चिप ब्रेडबोर्डवर खोचली असेल. फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलगार यांनी ती १९६८ साली केली आणि आजही ती दुकानात मिळते. दोन्ही इनपुट जमिनीला जोडले, तर आउटपुट शून्य यायला हवं; येत नाही. साध्या ७४१ मध्ये ऑफसेट दोन मिलिव्होल्टच्या आसपास, जास्तीत जास्त सहा. मग पाय क्रमांक १ आणि ५ मध्ये दहा किलोओहमचं पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, लावायचं, पॉटचा मधला पाय ऋण पुरवठ्याला जोडायचा, आणि स्क्रूड्रायव्हरनं फिरवत फिरवत शून्य गाठायचं. मीटरवर शून्य आलं, की पोरं टाळी देतात. मी म्हणतो, थांबा, आता त्या चिपेवर बोट ठेवा. बोटाच्या उबेनं शून्य सरकायला लागतं. एप्रिलच्या दुपारी पंखा बंद केला तरी सरकतं. एकदा लावलेलं पॉट कायमचं पुरत नाही, हा धडा पुस्तकापेक्षा त्या बोटानं लवकर कळतो.

उष्णतेचा विषय निघालाच आहे, तर द्रव स्फटिकाचा एक किस्सा. १९६८ साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाचं काम जगापुढं मांडलं : द्रव स्फटिकाचा पडदा. त्याच प्रयोगशाळेत वोल्फगांग हेल्फ्रिश नावाचे जर्मन शास्त्रज्ञ होते. रेणूंना काचेच्या दोन तबकड्यांमध्ये पीळ द्यायचा आणि थोडंसंच व्होल्टेज देऊन तो पीळ सोडवायचा, अशी त्यांची कल्पना. हाइलमायर यांना त्यात रस वाटला नाही. दोन पोलरायझर लावले तर निम्म्याहून जास्त उजेड वाया जाणार, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हेल्फ्रिश १९७० मध्ये स्वित्झर्लंडला बाझलच्या रोश कंपनीत गेले आणि मार्टिन शाट यांच्यासोबत डिसेंबर १९७० मध्ये त्याच कल्पनेच्या पेटंटचा अर्ज केला. आज आपल्या मनगटी घड्याळापासून पेट्रोल पंपावरच्या आकड्यांपर्यंत हाच पीळ काम करतो. मला या गोष्टीत नाकारणाऱ्याची चूक तेवढी मोठी वाटत नाही. कमी व्होल्टेजचं मोल त्या वेळी दिसणं अवघड होतं. हेल्फ्रिश यांना ते दिसलं, हे विशेष.

तरी टिकाऊ द्रव सापडत नव्हता. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ५सीबी नावाचा रेणू बनवला. टिकाऊ, स्वच्छ, पण तो द्रव स्फटिक राहतो साधारण २४ ते ३५ अंशांदरम्यानच. त्यावर गेला की साधं पाणीदार तेल. म्हणजे तो एकटा वापरला असता, तर मार्च ते जून नांदेड-लातुरात एकही घड्याळ चाललं नसतं. पीटर रेन्स यांनी अशा रेणूंचं मिश्रण जमवून ही मर्यादा ६० अंशांच्या आसपास नेली. आताची मिश्रणं त्याहून वर टिकतात. तरी मेमध्ये उन्हात लावलेल्या मोटारसायकलचा डिजिटल मीटर काळाठिक्कर पडलेला दिसतो आणि सावलीत घेतल्यावर पुन्हा जिवंत होतो, तो याच कारणानं.

या द्रवाची आणखी एक खोड आहे, आणि सगळा पेच तिच्यातून निघतो. त्याला एकाच दिशेचं व्होल्टेज सोसत नाही. द्रवात थोडेफार आयन असतातच. एकतर्फी ओढ लागली की ते एका काचेला जाऊन चिकटतात आणि जुन्या चित्राची सावली मागं राहते. दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लावून ठेवणाऱ्या हॉटेलातल्या टीव्हीवर वाहिनीचं बोधचिन्ह पुसटसं दिसत राहतं, ते पुष्कळदा असंच. म्हणून ड्रायव्हर दर फ्रेमला दिशा उलटतो : एकदा मधल्या पातळीच्या वर चार व्होल्ट, पुढच्या वेळी खाली चार व्होल्ट. द्रवाला दिशा कळत नाही, जोर तेवढा कळतो, त्यामुळं उजेड तोच राहतो. मोठ्या पॅनलमध्ये वरच्या बाजूसाठी एक ॲम्प्लिफायर आणि खालच्या बाजूसाठी दुसरा, आणि दोघांचे ऑफसेट अर्थातच वेगळे.

आता लातूरच्या मुलाचा किस्सा. औसा तालुक्यातला, माझ्याकडे शिकलेला, पुढं बाहेर जाऊन एका ड्रायव्हर चिप करणाऱ्या कंपनीत लागला. दिवाळीला गावी आला की भेटायला येतो, आणि कागद-पेन घेऊनच बसतो. त्यांच्या चिपेच्या पहिल्या नमुन्यावर राखाडीत रेघा होत्या. ट्रान्झिस्टर मोठे करा म्हणावं, तर पेलग्रोम आडवा येतो : रेघ निम्मी करायला जागा चौपट, आणि चिप तर काचेच्या कडेला बसणारी चिंचोळी पट्टी. प्रत्येक ॲम्प्लिफायरला ७४१ सारखं पॉट लावा म्हणावं, तर एका चिपेत ९६० पॉटं आणि उष्णतेनं सगळी सरकणारी. तिसरा उपाय, आधी ऑफसेट मोजून कपॅसिटरमध्ये साठवायचा आणि मग वजा करायचा. पण ६० हर्ट्झच्या फुल एचडी पडद्यावर एका ओळीला मिळतात जेमतेम १५ मायक्रोसेकंद. तेवढ्यात मोजायचं, साठवायचं आणि तारही भरायची; वर कपॅसिटरचा स्विच उघडताना स्वतःचा थोडा चार्ज आत टाकतो, त्याचा नवाच ऑफसेट.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"सर, आमचे आजोबा लातूरच्या मोंढ्यात मापाडी होते. ते सांगायचे, काट्याची पारडी सारखी नसली आणि हलक्या पारड्याला पासंग बांधायला काही हाताशी नसलं, तर माल एकदा या पारड्यात तोला, एकदा त्या पारड्यात. एकदा शेतकऱ्याचं जास्त भरेल, एकदा आडत्याचं. दोन्ही मापं मिळवा, निम्मं करा. काटा कितीही खोटा असू द्या, वजन खरं येतं."

हेच त्यांनी चिपेत केलं. ॲम्प्लिफायरच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या आजूबाजूला बारीक स्विच घातले आणि त्यांची जागा आळीपाळीनं बदलली. सरळ जोडला तर बारा मिलिव्होल्ट वर, उलटा जोडला तर बारा मिलिव्होल्ट खाली. ७४१ चं पॉट म्हणजे पासंग बांधणं. हे पारडी बदलणं. फरक मारायचा नाहीच, त्याला दोन्ही बाजूंना सारखा पाडायचा आणि बेरीज डोळ्याकडून करून घ्यायची.

युक्ती नवी नाही. आरसीएच्याच एडविन गोल्डबर्ग यांनी १९४९ साली व्हॅक्यूम ट्यूबच्या ॲम्प्लिफायरचं शून्य सरकू नये म्हणून थरथरणारा यांत्रिक स्विच वापरून ऑफसेट काढून टाकणारी जोडणी केली होती. ज्या कंपनीत पुढं द्रव स्फटिकाचा पडदा जन्मला, तिथंच वीस वर्षं आधी त्याच्या रेघांचं औषध तयार होतं. दोन्ही एकत्र यायला मात्र बराच काळ गेला, कारण सुरुवातीच्या पडद्यांना छटाच नव्हत्या. आकडा दिसला की काम भागायचं.

पण पारडी बदलली की झालं, असं नाही. मुलानं पुढं सांगितलेलं मला जास्त मोलाचं वाटतं. त्यांच्या दुसऱ्या नमुन्यात दर फ्रेमला दिशा उलटायची आणि बरोबरच पारडंही उलटायचं, असं ठेवलं होतं. नियंत्रणाची तार एकच, सोय मोठी. राखाडी पडदा लावला, तर रेघा गेल्या नव्हत्या. जागा बदलून दुसऱ्याच तारांवर बसल्या होत्या. दोन दिवस कुणाला उलगडा होईना. मग त्यानं कागदावर चार ओळी मांडल्या, त्याच मलाही मांडून दाखवल्या. दिशा आणि पारडं जोडीनं उलटलं, तर वरचा ॲम्प्लिफायर कायम सरळ जोडलेला राहतो आणि खालचा कायम उलटा. म्हणजे कुणाचंच पारडं बदलत नाही! आधी दोन ऑफसेटची वजाबाकी उजेडात दिसत होती आणि बेरीज एकतर्फी व्होल्टेज बनून आयनांना ओढत होती. आता बेरीज उजेडात आली आणि वजाबाकी आयनांकडे गेली. दोन्ही मारायचं, तर चार फ्रेम लागतात : दोन सरळ पारड्याच्या, दोन उलट्या, आणि प्रत्येक जोडीत दोन्ही दिशा.

तिसऱ्या नमुन्यात चार फ्रेम केल्या. रेघा पुसल्या गेल्या. सगळ्यांनी चहा मागवला. तेवढ्यात त्यांच्यातली एक मुलगी पडद्याकडे न बघता बाजूच्या मीटरकडे बघत असताना म्हणाली, पडदा हलतोय. सरळ बघितलं तर काही नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर बारीक थरथर. सेकंदाला ६० फ्रेम, चारांचं एक चक्र, म्हणजे १५ हर्ट्झ. आणि नजरेची कड या असल्या लुकलुकण्याला फार जागी असते. प्रत्येक तार दोन फ्रेम थोडी उजळ, दोन फ्रेम थोडी मंद होत होती. शेवटी त्यांनी पारडं फक्त वेळेतच नाही, जागेतही बदललं : एकाच तारेवर या ओळीला सरळ, पुढच्या ओळीला उलटं, आणि शेजारच्या तारेवर त्याच्या बरोबर विरुद्ध. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी. मग उजळ आणि मंद ठिपके इतके जवळजवळ आले, की डोळ्यानं त्यांना वेगळं करणंच सोडून दिलं.

त्या मुलीचं नाव डेटाशीटवर नाही, कुणाचंच नसतं. डेटाशीटवर फक्त एक आकडा असतो : आउटपुटमधला फरक, अधिक-उणे इतके मिलिव्होल्ट. त्या एका ओळीमागं चार नमुने आणि कोपऱ्यातून बघणारा एक डोळा होता, हे मी आता वर्गात सांगतो.

आणि हे सांगायची आता जास्त गरज आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानच्या पीएसएमसीच्या धोलेऱ्यातल्या कारखान्याला मंजुरी दिली. तिथं बनायच्या मालात डिस्प्ले ड्रायव्हर आहेत. मे २०२५ मध्ये एचसीएल आणि फॉक्सकॉन यांच्या उत्तर प्रदेशात जेवरजवळच्या कारखान्याला मंजुरी मिळाली, तो तर मुख्यतः डिस्प्ले ड्रायव्हर चिपांसाठीच. महिन्याला २०,००० वेफर, ३ कोटी ६० लाख चिपा अशी आखणी आहे. लातूर डॉक्टर घडवणारं गाव म्हणून नावाजलंय, आणि ते नाव कष्टानं कमावलेलं आहे. पण तिथल्या शिकवणी क्लासच्या खोल्यांमधल्या एखाद्या पोराच्या हाताला ब्रेडबोर्डही लागावा, असं मला मनापासून वाटतं. ॲनालॉग माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, आणि कारखाना उभा राहिल्यावर शोधायला निघालं तर तो मिळत नाही.

आम्ही ७४१ च्या त्या जुन्या प्रॅक्टिकलला आता एक जोड दिली आहे. पॉट काढून टाकायचं. ४०५३ ही स्वस्तातली स्विच चिप घ्यायची, इनपुटचा संदेश तिनं आळीपाळीनं सुलट-उलट करायचा, ७४१ कडून शंभरपट वाढवायचा आणि आउटपुटला तसाच पुन्हा उलटून सरळ करायचा. संदेश दोनदा उलटून मूळचा होतो. ऑफसेट मात्र एकदाच उलटतो. स्कोपवर संदेशाच्या अंगावर एक चौकोनी लाट दिसते, शून्याच्या वर दोनशे मिलिव्होल्ट, खाली दोनशे. पुढं एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला की लाट बसते आणि इनपुट जमिनीला जोडला की मीटर शून्यावर येतो. आता पोरं चिपेवर बोट ठेवतात, फुंकर मारतात, पंखा बंद करतात. शून्य हलत नाही. मात्र नीट बघणारी पोरं स्कोपच्या पट्टीवर बोट ठेवून विचारतात, सर, लाटेच्या प्रत्येक कोपऱ्यावर हा सुईसारखा काटा कसला? तो स्विचनं टाकलेला चार्ज असतो, आणि पुढच्या प्रॅक्टिकलला आम्ही तो मोजतो.